जिल्ह्यात नवे व्यवसाय किती उभे राहिले, हे कसे मोजावे

जिल्ह्याची अर्थव्यवस्था कोणत्या दिशेने चालली आहे, हे सांगणारे अधिकृत आकडे हाती येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. जिल्ह्याचे उत्पन्न राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते, पण ते वर्षातून एकदा आणि बऱ्याच अंतराने. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ मधली आहे आणि लोकसंख्येसाठी आपण अजून २०११ च्या जनगणनेवरच विसंबून आहोत. याउलट नव्या कंपन्यांची, उद्यमची (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि जीएसटीची नोंदणी रोज होत असते व तिचे आकडे महिन्या-दोन महिन्यांत पाहायला मिळतात. जिल्हा नियोजनाचे काम करणारे, व्यापारी संघटनांचे पदाधिकारी, पत्रकार, अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि स्थानिक बँकांतील अधिकारी यांना या नोंदींतून जिल्ह्यापुरता एक निर्देशक स्वतः तयार करता येतो. त्याची पद्धत येथे कोल्हापूर जिल्हा समोर ठेवून मांडली आहे. कोल्हापूर निवडण्याचे कारण असे की इथे फौंड्री, यंत्रमाग, चांदीकाम, साखर, दूध आणि पर्यटन हे सगळे एकाच जिल्ह्यात आहे, आणि त्यामुळे मोजणीतले जवळजवळ सगळे खाचखळगे एकाच ठिकाणी भेटतात.

नोंदणीचा कागद आणि व्यवसायाचा जन्म या दोन वेगळ्या घटना आहेत, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे. गडहिंग्लजमधला एखादा माणूस चार वर्षे घरातून मसाले विकतो आणि बँकेने कर्जासाठी प्रमाणपत्र मागितल्यावर उद्यमची नोंदणी करतो. आकड्यात तो त्या दिवशी जन्मतो. दुसरीकडे एखादी कंपनी स्थापन होते, तिचे पॅन निघते, बँकेत खाते उघडते आणि पुढे काहीच होत नाही. आकड्यात तीही जन्मलेलीच असते. म्हणून आकडे गोळा करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय मोजायचे आहे ते एका वाक्यात लिहून ठेवावे. ‘कोल्हापूर जिल्ह्यात दर बारा महिन्यांत किती नव्या कंपन्या व एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) स्थापन झाल्या आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष चालू लागल्या’ हा मोजता येण्याजोगा प्रश्न आहे. ‘जिल्ह्यात उद्योजकता वाढली का’ हा प्रश्न चांगला आहे, पण कोणत्याही एका यादीतून त्याचे उत्तर निघत नाही.

नोंदणीची दारे आणि प्रत्येक दाराची उंची

व्यवसाय सरकारदरबारी अनेक दारांनी येतो आणि प्रत्येक दाराची उंची वेगळी आहे. सर्वांत उंच दार कंपनी कायद्याचे. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १.६७ लाख कंपन्या स्थापन झाल्या आणि त्यांतल्या ३१,१०७ महाराष्ट्रात होत्या. त्या वर्षी राज्यांमध्ये हा सर्वाधिक आकडा होता. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या असंघटित आस्थापनांच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशात शेतीबाहेरच्या अशा ७.३४ कोटी आस्थापना होत्या, आणि आदल्या फेरीत, म्हणजे २०२२-२३ मध्ये, त्या ६.५० कोटी होत्या. म्हणजे कंपन्यांची यादी कितीही नेटकी असली तरी तिच्यात किराणा दुकान, टपरी, शिलाईकाम, घरगुती जॉबवर्क आणि छोटे गॅरेज यांचे जग दिसत नाही.

उद्यम नोंदणीचे दार सर्वांत बुटके. १ जुलै २०२० रोजी ती सुरू झाली आणि तिने जुन्या उद्योग आधारची जागा घेतली. पोर्टलवर जिल्हानिहाय संख्या मिळते, हा तिचा मोठा फायदा. पण सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत उद्योग आधारवरून उद्यमकडे आलेले जुनेच उद्योग या संख्येत नव्याने मोजले गेले. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही नोंदणी खुली झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी उद्यम असिस्ट हे वेगळे व्यासपीठ आले. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येणार नाही, अशी आयकराची तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली, तेव्हा वर्षानुवर्षे चालणाऱ्या अनेक कारखान्यांना प्रमाणपत्र काढून ठेवण्याचे कारण मिळाले. पुढे १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक मर्यादा १ कोटीवरून अडीच कोटी आणि उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली. यातला प्रत्येक बदल आलेखात उडी किंवा पायरी म्हणून उमटतो आणि त्याचा कोल्हापूरच्या बाजारपेठेशी काही संबंध नसतो. उद्यम प्रमाणपत्रावर उद्योगाच्या स्थापनेची, व्यवसाय प्रत्यक्ष सुरू झाल्याची आणि उद्यम नोंदणीची तारीख वेगवेगळी छापलेली असते. आपल्याला हवी आहे ती मधली तारीख. जिल्हा उद्योग केंद्राकडे किंवा माहिती अधिकाराखाली आकडे मागताना ‘व्यवसाय सुरू झाल्याच्या तारखेनुसार संख्या’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर उत्तर नोंदणीच्या तारखेनुसारच येते.

जीएसटीचे दार मधल्या उंचीचे. सेवा पुरवणाऱ्यांसाठी २० लाख रुपये आणि १ एप्रिल २०१९ पासून केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी ४० लाख रुपये वार्षिक उलाढालीच्या पुढे नोंदणी सक्तीची आहे. जीएसटीच्या पंधरा अंकाक्षरी क्रमांकात बरीच माहिती दडलेली असते. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०; पुढची दहा स्थाने पॅनची; आणि तेरावे स्थान हे सांगते की त्याच पॅनवर त्या राज्यात काढलेली ही कितवी नोंदणी आहे. तेराव्या स्थानी २ किंवा ३ असेल तर तो नवा व्यवसाय नाही, जुन्याच व्यवसायाची आणखी एक नोंदणी आहे. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, पी असेल तर मालक व्यक्ती आहे, एफ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी आणि सी असेल तर कंपनी. एका राज्यात साधारणपणे एका पॅनची एकच नोंदणी असते आणि शाखा तिच्यात जोडल्या जातात, त्यामुळे पुण्याच्या दुकानाने कोल्हापूरच्या राजारामपुरीत शाखा काढली तर जीएसटीच्या नव्या नोंदणीत ती दिसत नाही. जिल्हानिहाय नव्या नोंदण्या सार्वजनिक पानांवर सहज मिळत नाहीत. त्या राज्य कर विभागाकडे मागाव्या लागतात.

गुमास्ता नोंदणीचा, म्हणजे दुकाने व आस्थापनांच्या नोंदणीचा, उपयोग शहरी दुकानांसाठी होतो, पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना केवळ सूचना द्यावी लागू लागली, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे २०१७ च्या आधीची संख्या, मधली संख्या आणि नंतरची संख्या एका रेषेत कधीही जोडू नये. भविष्य निर्वाह निधीचे दार साधारण २० कामगारांपासून उघडते. तिथे पोचलेला व्यवसाय बहुधा खरा आणि रोजगार देणारा असतो, म्हणून त्याचा उपयोग मोजणीपेक्षा पडताळणीसाठी अधिक होतो.

कोल्हापूरसाठी आणखी एक दार विसरता येत नाही, ते सहकाराचे. जिल्ह्यातले कित्येक साखर कारखाने, गोकुळ दूध संघ, सूतगिरण्या, पतसंस्था या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेल्या आहेत, कंपनी कायद्याखाली नाहीत. केवळ कंपन्या मोजणारा माणूस या जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणाच वगळून बसतो. नव्या संस्थांची संख्या जिल्हा उपनिबंधकांकडून वेगळी घ्यावी आणि वेगळ्या ओळीत दाखवावी. ती कंपन्यांत मिळवू नये.

कंपन्यांची यादी जिल्ह्यापुरती करताना

सुरुवात कंपन्यांपासून करावी असे माझे मत आहे, कारण हीच एक यादी नावनिशीवार, तारखेसह आणि पत्त्यासह खुली मिळते. मंत्रालयाची राज्यनिहाय कंपनी यादी सरकारी खुल्या माहितीच्या पोर्टलवर असते. तिच्यात कंपनीचा ओळख क्रमांक (सीआयएन), स्थापनेची तारीख, सद्यस्थिती, अधिकृत व भरणा झालेले भांडवल, मुख्य व्यवसाय आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असतो. २१ अंकाक्षरांचा सीआयएन क्रमांक उलगडायला शिकले की निम्मे काम होते. पहिले अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर न नोंदलेली. पुढचे पाच अंक व्यवसायाचा संकेतांक. मग राज्याची दोन अक्षरे, महाराष्ट्रासाठी एमएच. मग स्थापनेचे वर्ष. मग प्रकाराची तीन अक्षरे, खासगी कंपनीसाठी पीटीसी आणि सार्वजनिक कंपनीसाठी पीएलसी. शेवटी सहा अंकी अनुक्रम.

जिल्हा मात्र या क्रमांकात नसतो. तो पत्त्यातून काढावा लागतो आणि पहिली ठेच इथेच लागते. कोल्हापूरचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात, म्हणून यादीला ४१६ ची चाळणी लावावी असे कोणालाही वाटते. पण ४१६४१६ हे सांगली आहे. ४१६५०२ गडहिंग्लज आणि ४१६५०९ चंदगड कोल्हापुरात येतात, तर त्याच्याच पुढचा ४१६५१० हा सावंतवाडीचा, म्हणजे सिंधुदुर्गचा. चाळणी तीन अंकांची लावली तर रत्नागिरीच्या काही भागासह चार जिल्हे एकत्र येतात आणि चार अंकांची लावली तरी ४१६५ मध्ये दोन जिल्ह्यांची सरमिसळ राहते. टपाल खात्याची पिनकोड सूची घेऊन सहाही अंकांनुसार ‘पिनकोड, तालुका, जिल्हा’ असा तक्ता एकदा बसून करावा आणि पुढे सगळी छाननी त्या तक्त्यावरून करावी. जिल्ह्याच्या नावावर शोध घेऊ नये, कारण पत्त्यात कधी ‘करवीर’, कधी नुसते ‘इचलकरंजी’, कधी ‘हातकणंगले’ असे लिहिलेले असते आणि रोमन लिपीत हातकणंगलेची पाच-सहा रूपे सहज सापडतात.

दुसरी ठेच व्यवसायाच्या संकेतांकाची. जुन्या सीआयएनमधले संकेतांक जुन्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाप्रमाणे आहेत. २००४ च्या वर्गीकरणात १७ म्हणजे वस्त्रोद्योग आणि २७ म्हणजे मूळ धातू. २००८ च्या वर्गीकरणात वस्त्रोद्योग १३ वर आणि मूळ धातू २४ वर गेले, १७ कागदाला मिळाला आणि २७ विद्युत उपकरणांना. ही अदलाबदल लक्षात न घेता वीस वर्षांची मालिका लावली तर इचलकरंजीत कापडाऐवजी कागदाचे कारखाने आणि शिरोलीत फौंड्रीऐवजी मोटारींचे वाइंडिंग दिसू लागेल. शिवाय संकेतांक मुळातच चुकीचा असू शकतो. इन्फोसिससारख्या जगप्रसिद्ध कंपनीच्या सीआयएनमध्ये ८५११० असा संकेतांक आहे. ८५ हा विभाग २००४ च्या वर्गीकरणात आरोग्य व सामाजिक कार्याचा आणि २००८ च्या वर्गीकरणात शिक्षणाचा. संगणक सेवेचा तो दोन्हींत नाही. म्हणून क्षेत्रनिहाय निष्कर्ष काढताना दोन अंकी विभागाच्या खाली उतरू नये आणि कंपनीचे नाव व उद्देश पाहून काही नोंदी हाताने तपासाव्यात.

तिसरी गोष्ट एकाच पत्त्यावरच्या गर्दीची. पत्त्यांची वर्गवारी करून एकाच गाळा क्रमांकावर किती कंपन्या आहेत ते मोजावे. एखाद्या सीएच्या कार्यालयाचा किंवा भाड्याच्या सामायिक कार्यालयाचा पत्ता दहा-पंधरा कंपन्यांनी दिलेला सापडतो. त्या खोट्या असतात असे नाही, पण त्यांचा कारखाना कुठे आहे हे तो पत्ता सांगत नाही. याची उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत उभ्या राहिलेल्या मोठ्या कारखान्याचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात असले, तर शेकडो लोकांना काम देऊनही तो कोल्हापूरच्या यादीत येत नाही. या वगळणुकीचे प्रमाण कंपन्यांच्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी एमआयडीसीचे भूखंड वाटप आणि महावितरणच्या नव्या औद्योगिक जोडण्या शेजारी ठेवाव्या लागतात.

नावात ‘प्रोड्युसर कंपनी’ असलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या वेगळ्या काढाव्यात. १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची केंद्राची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि अशा कंपन्यांची स्थापना बाजाराच्या गतीपेक्षा योजनेच्या उद्दिष्टाप्रमाणे होते. त्या महत्त्वाच्या आहेत, पण त्यांच्या लाटेला औद्योगिक तेजी समजणे ही चूक आहे.

एक काम पहिल्या दिवसापासून करावे, कारण ते नंतर करता येत नाही: उतरवून घेतलेली प्रत्येक यादी तारखेसह जशीच्या तशी जपून ठेवावी. पोर्टलवरच्या यादीत कंपनीचा आजचा पत्ता आणि आजची स्थिती असते. २०१९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि २०२३ मध्ये पुण्याला हललेली कंपनी आजच्या यादीत पुण्याची दिसते, आणि त्यामुळे कोल्हापूरचे २०१९ चे वर्षही मागाहून कमी होते. जिल्ह्यातून वाढत्या कंपन्या बाहेर जातात का, हा प्रश्न तर अशा जपलेल्या प्रतींशिवाय विचारताच येत नाही, आणि मला हा सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

भागायचे कशाने

नुसती संख्या पाहिली तर मुंबई-पुणे नेहमी पुढे आणि गगनबावड्यासारखा छोटा तालुका नेहमी मागे. जागतिक बँक देशांची तुलना करताना १५ ते ६४ वयाच्या दर हजार लोकांमागे नव्या मर्यादित कंपन्या मोजते. जिल्ह्यासाठीही हाच दर काढावा, पण हाताशी असलेली वयोगटवार लोकसंख्या २०११ ची आहे हे तक्त्याखाली लिहावे.

याहून सोपा आणि माझ्या मते अधिक उपयोगी मार्ग हिश्श्याचा आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार होती आणि कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार, म्हणजे राज्याच्या ३.४५ टक्के. राज्यात २०२१-२२ मध्ये स्थापन झालेल्या ३१,१०७ कंपन्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या गेल्या असत्या तर कोल्हापूरच्या वाट्याला १,०७३ आल्या असत्या. ही अपेक्षेची रेघ आहे, प्रत्यक्ष संख्या नाही. आपल्या छाननीतून निघालेली त्याच वर्षीची संख्या या रेघेशी ताडून पाहावी. ती रेघेच्या बरीच खाली असली तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण राज्यातील कंपन्या मुंबई आणि पुण्याकडे एकवटलेल्या आहेत. पाहायचे ते हे की दरवर्षी हे अंतर कमी होते आहे की वाढते आहे. हिस्सा वापरण्याचा मोठा लाभ असा की शुल्कमाफी, नवे ऑनलाइन प्रपत्र किंवा टाळेबंदी यांचा परिणाम सगळ्या जिल्ह्यांवर एकदमच होतो आणि भागाकारात तो बराचसा निघून जातो.

तालुकानिहाय दर काढण्याचा मोह आवरावा. करवीर, हातकणंगले आणि शिरोळ सोडले तर कित्येक तालुक्यांत महिन्याला नोंदणी इतकी कमी असते की एकाच्या दोन झाल्या तरी शंभर टक्के वाढ दिसते. अशा तालुक्यांची तीन वर्षांची बेरीज द्यावी, टक्केवारी देऊ नये.

महिन्याची तुलना महिन्याशी करू नये

मुहूर्ताचा परिणाम आपल्याकडे खरा आहे आणि तो इंग्रजी महिन्यांत बसत नाही. पितृपक्षात दुकान उघडायला फारसे कोणी तयार नसते आणि दसऱ्याला फलक लागतात. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. पितृपक्ष २०२३ मध्ये ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालला, २०२५ मध्ये सप्टेंबरमध्येच संपला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करणारा माणूस अशा वेळी अर्थव्यवस्था मोजण्याऐवजी पंचांग मोजतो. २०२३ मध्ये तर जुलै-ऑगस्टमध्ये अधिक श्रावणही आला होता.

वर्षाची तुलनाही या अडचणीतून सुटत नाही. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला. शोरूम, हॉटेल, सराफी दुकाने यांच्या नोंदणीवर याचा परिणाम होतो. कंपनी स्थापनेवर तो कमी होतो, कारण तिथे मंजुरीची तारीख अर्जदाराच्या हातात नसते. मात्र मार्चअखेरचा हिशेब टाळण्यासाठी काही जण स्थापना एप्रिलवर ढकलतात. उपाय म्हणून मागील बारा महिन्यांची बेरीज दर महिन्याला पुढे सरकवत न्यावी, आणि व्यापारी आस्थापनांसाठी चोवीस महिन्यांची सरासरी शेजारी द्यावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या महापुराच्या महिन्यांवर आलेखात खूण करावी, म्हणजे वाचणारा तिथली घसरण पाहून वेगळाच निष्कर्ष काढणार नाही.

तुकडीचा मागोवा

इथपर्यंत जे केले ते जन्मनोंदीचे रजिस्टर झाले. त्यातून अर्थव्यवस्थेबद्दल काही बोलायचे असेल तर एका वर्षी स्थापन झालेल्या व्यवसायांची तुकडी पकडून तिच्या मागे तीन ते पाच वर्षे चालावे लागते. अमेरिकेचे जनगणना कार्यालय नव्या व्यवसायांच्या अर्जांची संख्या देताना पगारी माणसे ठेवण्याची शक्यता अधिक असलेले अर्ज वेगळे दाखवते. आपल्याकडे अशी तयार वर्गवारी नाही, पण खुणा मात्र आहेत.

पहिली खूण सहा महिन्यांत मिळते. २ नोव्हेंबर २०१८ पासून स्थापन झालेल्या, भागभांडवल असलेल्या प्रत्येक कंपनीला १८० दिवसांच्या आत आयएनसी-२०ए हे प्रपत्र भरून, भागधारकांनी कबूल केलेले पैसे जमा केले आहेत असे जाहीर करावे लागते. त्याशिवाय व्यवसाय सुरू करता येत नाही. ज्यांनी हे प्रपत्र भरले नाही त्यांना मी ‘कागदावरच्या’ या रकान्यात टाकतो. दुसरी खूण पहिल्या ताळेबंदाची व वार्षिक विवरणपत्राची. तिसरी खूण जीएसटीची: पोर्टलवर करदात्याचा क्रमांक टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे भरली जात आहेत की नाहीत, हे कोणालाही पाहता येते. चौथी खूण भविष्य निर्वाह निधीतल्या नोंदणीची.

समजा, एका वर्षाच्या तुकडीत १०० कंपन्या आहेत. त्यांपैकी ८० नी आयएनसी-२०ए भरले, तिसऱ्या वर्षी ६० ताळेबंद देत होत्या, ४५ ची जीएसटी विवरणपत्रे नियमित होती आणि ८ भविष्य निर्वाह निधीत पोचल्या. (हे आकडे पद्धत समजण्यासाठी घेतलेले आहेत.) पुढच्या वर्षीची तुकडी १३० ची असेल, पण तिसऱ्या वर्षी नियमित विवरणपत्रे भरणाऱ्या ४५ च राहिल्या, तर नोंदणी ३० टक्क्यांनी वाढूनही जिल्ह्यात टिकलेले व्यवसाय वाढलेले नाहीत. ही एक ओळ मुख्य आकड्याच्या लगेच खाली असायला हवी.

बंद होणाऱ्यांची मोजणी करताना तारीख फसवते. कंपनी यादीतून काढली जाते तो दिवस आणि तिचा धंदा थांबतो तो दिवस यांत कधी कधी अनेक वर्षे असतात. २०१७ मध्ये मंत्रालयाने देशभरातील दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे एका मोहिमेत काढून टाकली. त्या वर्षी एकाएकी तितके धंदे बुडाले नव्हते. त्यामुळे ‘स्थापन झालेल्या वजा बंद झालेल्या’ असा निव्वळ आकडा वर्षागणिक देण्याऐवजी शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे ते पाहावे आणि त्या वर्षी कंपनी थांबली असे धरावे.

वाढ झाली म्हणजे काय झाले

टाळेबंदीचे वर्ष इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१९-२० मध्ये देशात सुमारे १.२२ लाख कंपन्या स्थापन झाल्या होत्या आणि २०२०-२१ मध्ये १.५५ लाख. ज्या वर्षी देशाचे उत्पन्न घटले त्याच वर्षी नव्या कंपन्या वाढल्या. नोकरी गेलेल्यांनी स्वतःचे काहीतरी सुरू केले असेल, ऑनलाइन विक्रीसाठी नोंदणी लागली असेल, स्थापनेचे शुल्क व प्रपत्र सोपे झाल्याचाही वाटा असेल. म्हणून नोंदणीची रेघ वर गेली की जिल्हा समृद्ध झाला असे मानण्यापूर्वी ही वाढ संधीची आहे की नाइलाजाची, हे पारखावे.

त्याची पारख क्षेत्रनिहाय होते. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात दहा वर्षे सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर काम केलेला माणूस जुने मशीन विकत घेतो, भाड्याच्या शेडमध्ये बसवतो आणि जिथे नोकरी करत होता त्याच फौंड्रीचे कास्टिंग मशीनिंगसाठी घेतो. अशी नोंदणी वाढली, सोबत औद्योगिक वीजजोडण्या वाढल्या आणि बँकांचे कर्जही वाढले, तर मोठ्या कारखान्यांकडे काम भरपूर आहे आणि ते बाहेर द्यावे लागते आहे, असा अर्थ लावता येतो. पण नोंदण्या वाढल्या, वीजजोडण्या तितक्याच राहिल्या आणि नव्या नोंदी मुख्यतः व्यापार, वाहतूक व किरकोळ सेवांतल्या असल्या, तर कुठेतरी नोकऱ्या कमी झाल्या असाव्यात अशी शंका घ्यावी. यंत्रमागाच्या बाबतीत तर एक कारखाना विभागून भावाभावांत चार नोंदण्या होतात आणि माग तितकेच राहतात. रिझर्व्ह बँकेची जिल्हानिहाय ठेवी व कर्जाची तिमाही आकडेवारी, महावितरणच्या जोडण्या आणि भविष्य निर्वाह निधीत पहिल्यांदा भरणा करणाऱ्या आस्थापना, या तीन रेघा आपल्या रेघेखाली नेहमी काढाव्यात. चारही एका दिशेने गेल्या तर विधान ठामपणे करावे. दोन-दोन फुटल्या तर तसे लिहावे.

गाळ्यापर्यंत जाणे

वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतर, तुकडीतल्या तीस-चाळीस व्यवसायांची चिठ्ठ्या टाकून निवड करावी आणि प्रत्यक्ष जाऊन पाहावे. सोयीचे, ओळखीचे किंवा मुख्य रस्त्यावरचे निवडू नयेत. चंदगडचा निघाला तर चंदगडला जावे. जाण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्राला किंवा स्थानिक उद्योजक संघटनेला सांगून ठेवले तर दारावरचा संशय कमी होतो, कारण कागद घेऊन आलेला अनोळखी माणूस म्हणजे कोणत्या तरी खात्याचा तपासनीस, अशीच समजूत असते. कोणाचेही नाव किंवा उलाढाल अहवालात येणार नाही, हे बसण्याआधी सांगावे आणि पाळावे.

प्रश्न पाचच विचारावेत: काम प्रत्यक्ष कधी सुरू झाले, नोंदणी तेव्हाच का केली, आधी काय करत होता, आज घरच्यांखेरीज किती माणसे कामाला आहेत, आणि पहिले मोठे गिऱ्हाईक कोण होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. ‘बँकेने मागितले’, ‘कंपनी बिल मागते’, ‘अनुदानासाठी’, ‘टेंडर भरायचे होते’ अशी उत्तरे येतात आणि त्यांची वर्गवारी केली की त्या वर्षीची नोंदणी कशामुळे वाढली ते आलेखापेक्षा स्पष्ट कळते. निघताना वीजमीटर घरगुती आहे, व्यापारी की औद्योगिक, तेवढे विचारून टिपून घ्यावे. पत्त्यावर काहीच सापडले नाही तर शेजारच्या गाळ्यात विचारावे आणि ‘सापडला नाही’ अशी नोंद तारखेसह करावी. ती नोंदही नमुन्यात मोजायची असते, तिच्याऐवजी दुसरा पत्ता घ्यायचा नसतो.

अहवाल तिमाहीला एका पानाचा पुरतो. वर बारा महिन्यांची बेरीज व राज्यातला हिस्सा, खाली तीन वर्षांपूर्वीच्या तुकडीची आजची स्थिती, त्याखाली सोबतच्या तीन रेघा, आणि तळाशी त्या तिमाहीत बदललेले नियम व आपण दुरुस्त केलेले जुने आकडे. मागच्या तिमाहीचा आकडा बदलला असेल तर जुना खोडून टाकू नये. जुना, नवा आणि बदलाचे कारण तिन्ही एकाच ओळीत ठेवावे.